व्हिएन्नात संध्याकाळ राखून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

व्हिएन्नाला निघालेलं कुणी भेटलं की मी एकच प्रश्न विचारतो: संध्याकाळी काय करणार? दिवसाचं सगळ्यांचं ठरलेलं असतं. शोनब्रुनचा राजवाडा, सेंट स्टीफनचं कॅथीड्रल, बेल्वेडेर संग्रहालयात क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र. बघा, जरूर बघा. पण संध्याकाळी सहा वाजले की आपल्या टूरची बस सगळ्यांना पनीर बटर मसाला खाऊ घालायला नेते आणि आठला हॉटेलवर सोडते. अहो, त्या गावाची खरी मैफल तेव्हा रंगायला लागलेली असते! आठ दिवसांत पाच देश ही काय भानगड आहे, मला आजवर कळलेलं नाही. देवदर्शनाची रांगसुद्धा याहून सावकाश सरकते. असो.

तर संध्याकाळ राखून ठेवा. आणि ती न्यायची कुठे, तर स्टेट ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या थिएटरात. गावाच्या मध्यावर, रिंगस्ट्रास या मोठ्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे. १८६९ साली मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’नं तिचा पडदा उघडला. मार्च १९४५ मध्ये बॉम्ब पडले, रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेलं. ते पुन्हा उभं राहायला दहा वर्षं लागली. ५ नोव्हेंबर १९५५ ला दारं उघडली ती बीथोव्हनच्या ‘फिडेलिओ’नं. महायुद्धानंतर ठाण मांडून बसलेल्या दोस्तांच्या फौजा नुकत्याच देश सोडून गेल्या होत्या आणि नाटक कुठलं, तर कैदी अंधारकोठडीतून बाहेर येतात ते.

तुम्ही म्हणाल, तिकीट परवडणार का? चांगल्या खुर्चीला २०० युरोंच्या वर पडतात. नाहीच परवडत. पण याच ऑपेरात उभ्याचं तिकीट मिळतं, १०-२० युरोंच्या आत. उभ्याचं तिकीट, लक्षात ठेवा. आपल्याकडे संगीत नाटकाला पिटातला प्रेक्षक असायचा ना, पैसे कमी देणारा आणि गाणं जास्त कळणारा, तसाच हा वर्ग. तिकडचे जुने दर्दी वर्षानुवर्षं तिथेच उभे राहतात. तळमजल्यावर उभं राहायची जागा कुठे आहे माहितीये? ऐन मधोमध, पूर्वीच्या बादशहाच्या खास कक्षाच्या बरोबर खाली. बादशहाला दिसायचं तेच तुम्हाला दिसतं, फक्त पाय दुखतात.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. कोविडच्या आधीची. आत्या मिरजेची. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, ते सतरंजीवर बसून ऐकत आत्या मोठी झाली. सत्तरी ओलांडलेली. तिचा मुलगा नोकरीनिमित्त व्हिएन्नात होता, मीही त्याच सुमारास तिकडे गेलेलो. आत्या म्हणाली, “मला ते राजवाडे नकोत. मला गाणं ऐकव.”

दुपारी चारलाच आम्ही ऑपेराच्या बाजूच्या रस्त्यावर, ऑपर्नगासेवर, रांगेत उभे. तिथे उभ्या तिकिटांची वेगळी खिडकी आहे. आमच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई, घडीचं स्टूल घेऊन आलेल्या, आत्याच्याच वयाच्या. त्यांनी आत्याच्या साडीकडे पाहिलं, पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं आणि उठून स्टूल तिला दिलं. त्यांना मराठी येत नाही, आत्याला जर्मन येत नाही. तरी रांग सरकेपर्यंत दोघींचं अखंड चालू होतं.

आत गेलो. त्या काळी उभ्या जागांना नंबर नसायचे. जागा धरायची रीत एकच: समोरच्या कठड्याला मफलर बांधायचा. मफलर बांधला की ती जागा तुमची, मग खुशाल बाहेर जाऊन काहीतरी खाऊन या. बाईंनी आपला राखाडी मफलर बांधला आणि आत्याला खूण केली, बांधा. आत्याजवळ मफलर कुठला? शाल आणि कोट बाहेर जमा करावे लागले होते. तिनं पिशवीत हात घातला आणि काढला खण. गुळेदगुड्डचा, जांभळा, हिरव्या काठाचा. परगावी जाताना बाईमाणसाच्या पिशवीत एखादा खण असतोच, कुणाची ओटी भरायची वेळ आली तर! त्या शाही थिएटरच्या कठड्याला खण बांधून आत्या माझ्यासोबत बाहेर आली आणि आम्ही बाकावर बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली.

परत येऊन बघतो तर सूट घातलेले एक गृहस्थ खण बाजूला सारून तिथे उभे! मी काही बोलणार, तोच म्हातारीनं त्यांना जर्मनमध्ये असं काही सुनावलं की गृहस्थ मुकाट्यानं मागच्या रांगेत गेले. सूटबिट असेल, पण कठड्याला बांधलेल्या कापडाचा मान मोठा.

त्या दिवशी पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ होता. पहिल्या अंकात नायक त्या मुलीचा गारठलेला हात हातात घेऊन गातो, ती जागा. गायकानं वरचा स्वर असा लावला, असा लावला, की आत्याचा हात वर गेला आणि तोंडातून निघून गेलं, “वा!” मिरजेच्या सतरंजीवरचं, खणखणीत. पाच-पन्नास माना वळल्या. तिकडे गाणं चालू असताना टाचणी पडलेली चालत नाही. म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आत्याचा दंड धरून ठेवला. गाणं संपलं, शेवटचा स्वर विरला, आणि तिनं दंड सोडून आत्याला कोपरानं ढोसलं. म्हणजे, आता! आत्या म्हणाली, “वन्स मोअर!” तोवर सगळं थिएटर ब्राव्हो ब्राव्हो करत होतं, त्यात ते छान मिसळून गेलं.

चौथ्या अंकात नायिका क्षयानं जाते. दोघी म्हाताऱ्या रडत होत्या. बाहेर पडताना आत्यानं कठड्याचा खण सोडला, घडी केली आणि बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलगडून तिथल्या तिथे गळ्यात गुंडाळला.

दाद द्यायची वेळ, हे तेवढं पुन्हा सांगतो: गाताना नाही, गाऊन झाल्यावर. उशिरा पोचलात तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबायची तयारी ठेवा. संगीतकार गुस्ताव माहलर १८९७ पासून दहा वर्षं इथला संचालक होता, त्यानं ही शिस्त लावली. तो माणूस आपल्याकडे हवा होता. परवा एका नाटकाला माझ्या मागे वेफर्सचं पाकीट पहिला अंकभर वाजत होतं, आणि दुसऱ्या अंकात फोन. जाऊ द्या.

उभ्याची तिकिटं त्याच दिवशी विकतात. नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून निघण्याआधी ऑपेराच्या संकेतस्थळावर पाहा. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीतून अर्थ वाचता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेराला सुट्टी असते. मे-जूनमध्ये गेलात तर पुष्कळदा बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर आतला प्रयोग फुकट दाखवतात. कॅथीड्रलभोवती मोझार्टचा टोप आणि झगा घालून तिकिटं विकणारी पोरं फिरत असतात. त्यांच्याकडून घेऊ नका. ते सगळं पर्यटकांसाठी असतं, ऑपेराशी त्याचा संबंध नाही.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरा. रविवारी सकाळी ११ ला ऑगस्टिनर चर्चमध्ये वाद्यवृंदासह प्रार्थना होते, हायडन, मोझार्ट, शूबर्ट. प्रवेश फुकट, पण ती प्रार्थना आहे, फोटो काढत फिरू नका. कला-इतिहास संग्रहालयात सोळाव्या शतकातल्या ब्रॉयगेल या चित्रकाराच्या चित्रांची खोली चुकवू नका. बर्फातून परतणारे शिकारी, १५६५ सालचं चित्र. गुरुवारी संग्रहालय रात्री ९ पर्यंत उघडं असतं. कॉफीगृहात मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवा, सोबत पाण्याचा ग्लास येतो. एका कॉफीवर दोन तास पेपर वाचत बसा, कुणी उठवत नाही, आणि मागितल्याशिवाय बिलही येत नाही. पाणी नळाचंच प्या, आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, १८७३ पासून नळानं गावात येतं. बाटल्यांवर पैसे कशाला घालता?

आणि ऑपेराला जाताना पायात जुने, मुरलेले बूट. अडीच तास उभं राहायचंय. जागांना आता नंबर असले, तरी मफलर विसरू नका.

पुढच्या आठवड्यात याच वेळी प्राग. नमस्कार.