डिस्चार्ज बुकात न उतरलेली दोन पदके

[पडद्यावर डिस्चार्ज बुकातले पदकांचे पान दिसते.]

सेनेतून जवान निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती एक छोटे पुस्तक दिले जाते, आणि फौजेत ते डिस्चार्ज बुक याच नावाने ओळखले जाते. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, ट्रेड, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, वर्तणुकीचा शेरा, घरच्यांची नावे आणि मिळालेली पदके असे सारे त्यात लिहिलेले असते. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांच्या पुस्तकात पदकांच्या जागी चार नोंदी आहेत. रक्षा मेडल १९६५, सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल. १९७१ च्या युद्धाचे एकही पदक त्या पानावर नाही, आणि हे हवालदार त्या डिसेंबरात पश्चिमेकडच्या शकरगड आघाडीवर सिग्नल्समध्ये, म्हणजे सेनेच्या दळणवळण शाखेत, लाइनमन होते.

आज वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी जवानांच्या सेवानोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज केला आहे. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन पदके आपल्या नोंदीत घालावीत, एवढीच त्यांची विनंती आहे.

या पदकांविषयी बाहेरच्या माणसांना फारशी माहिती नसते. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ही शौर्याची पदके आहेत. ती एखाद्या विशिष्ट कृतीसाठी, शिफारस आणि छाननी होऊन दिली जातात, आणि त्यांच्यासोबत मासिक भत्ताही असतो. सेवा पदकाचे तसे नाही. जवान कोणत्या काळात, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या युनिटमध्ये हजर होता, यावरून त्याचा हक्क ठरतो. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे लढलेल्यांसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरच्यांसाठी पश्चिमी स्टार आणि त्याहून मोठ्या वर्तुळातल्या सैनिकांसाठी संग्राम मेडल, अशी ही योजना युद्धानंतर करण्यात आली. या पदकांमुळे पेन्शनमध्ये एका रुपयाचाही फरक पडत नाही. सावित्रीबाई खानोलकरांनी परमवीरचक्राचे रेखाटन केले हे पुष्कळांना ठाऊक असते, पण १९४७ चे सामान्य सेवा मेडलही त्यांनीच रेखाटले होते. स्वतंत्र देशाने आपल्या सर्वोच्च वीराचे आणि साध्या शिपायाचे पदक एकाच कलावंताच्या हाती सोपवले, ही गोष्ट मला या विषयात फार मोलाची वाटते.

[हवालदार दोन दोऱ्यांची टोके हातात घेऊन जोड कसा देत ते दाखवतात.]

लाइनमनचे काम म्हणजे पाठीवर केबलचे रीळ घेऊन मुख्यालयापासून पुढच्या पलटणीपर्यंत टेलिफोनची तार टाकणे, आणि ती तुटली की पुन्हा जाऊन जोडणे. बसंतर नदीच्या भागात १५ ते १७ डिसेंबर १९७१ या काळात घनघोर लढाई झाली. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तोफगोळ्यांनी तार तुटत होती, रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली येऊन तुटत होती, आणि रात्री उजेड करण्याची सोय नव्हती. हवालदार सांगतात की, तार हातात धरून अंधारात चालत जायचे, ती जेथे संपेल तेथे बसायचे, दुसरे टोक चाचपून शोधायचे, दोन्ही टोके दातांनी सोलायची, गाठ मारून तारा पिळायच्या आणि वर टेप गुंडाळायची. हे सांगताना त्यांची बोटे दोऱ्यावर तीच गाठ मारतात. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण गाठ पक्की बसते. जोड दिला की तेथूनच टेलिफोन लावून दोन्ही बाजूंनी आवाज येतो का ते पाहायचे, आणि आवाज आला की परत फिरायचे.

मग नोंद का झाली नाही? याचे उत्तर रणांगणावर नाही, कारकुनीत आहे. जवानाच्या सेवेत जे जे घडते, म्हणजे बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, पदक, ते युनिटमधून पार्ट टू ऑर्डर नावाचा लेखी आदेश काढून जाहीर केले जाते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोहोचते आणि तेथे जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेवानोंदीत, उतरते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरले जाते ते याच शीट रोलवरून. १९७२ च्या सुरुवातीला आमचे हवालदार कावीळ होऊन लष्करी रुग्णालयात दाखल झाले आणि बरे झाल्यावर त्यांची बदली दुसऱ्या युनिटला झाली. जुन्या युनिटने पुढे युद्धपदकांची यादी काढली तेव्हा ते त्या युनिटच्या पटावर नव्हते, आणि नव्या युनिटला तर त्यांच्या डिसेंबरशी काही देणेघेणेच नव्हते. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टचे मेडल मात्र नव्या युनिटमधून व्यवस्थित नोंदले गेले. १९७९ साली पेन्शनीवर येताना त्यांनी पुस्तकावर सही केली. घरी जाण्याच्या गडबडीत कोणता जवान पदकांचे पान मोजत बसतो?

इंदूरच्या मराठी घरांना फौज परकी नाही. होळकरांच्या काळापासून येथे लष्करी पेशाची घराणी आहेत. १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसलेली महूची छावणी येथून तासाभराच्या अंतरावर आहे. सुभेदार रामजी सकपाळ याच छावणीत नोकरीला असताना १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. इन्फंट्री स्कूल महूलाच आहे. त्यामुळे एखाद्या घराच्या कपाटात जुनी पदके, रिबनच्या पट्ट्या, पिवळी पडलेली पत्रे सापडणे नवलाचे नाही. नवल याचे वाटते की, ती कागदपत्रे एकदा नीट वाचून पाहावीत, असे घरातल्या कोणालाच बरीच वर्षे सुचत नाही.

येथे ते त्यांच्या नातीला सुचले. तिने पुस्तक वाचले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही लढाईत होतात ना? मग येथे लिहिले का नाही?” त्या प्रश्नापर्यंत घरातल्या सर्वांची समजूत अशी होती की, पदक नाही म्हणजे ते मिळण्यासारखे काही घडले नसावे. मला स्वतःला ही समजूत सर्वांत जाचक वाटते. कागदावरची एक चूक हळूहळू घरातल्या माणसांच्या मनातही खरी ठरत जाते.

[जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाहेरचे दृश्य.]

अशा दुरुस्तीची वाट ठरलेली आहे. जवान आणि जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) यांची कागदपत्रे त्यांच्या त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. सिग्नल्सचे जबलपूरला, महार रेजिमेंटचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरचे सिकंदराबादला. अधिकाऱ्यांची दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असतात. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव डिस्चार्ज बुकात आहे अगदी तसेच लिहावे लागते. पुस्तकाची आणि पेन्शन पेमेंट ऑर्डरची साक्षांकित प्रत जोडावी लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवला तर पत्रव्यवहाराला एक ठिकाण मिळते. पण अर्जाचा खरा जीव असतो तो युनिट, कंपनी, ठिकाण आणि तारखा यांत. “मी १९७१ च्या युद्धात होतो” या वाक्यावर रेकॉर्ड ऑफिसला काहीही शोधता येत नाही. “अमुक युनिटच्या अमुक कंपनीत, सांबा भागात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून युद्धविरामापर्यंत होतो” असे लिहिले, तर शोधण्यासाठी फाईल ठरते. त्या वेळचा सोबती हयात असेल तर त्याचे शपथपत्र जोडणे उपयोगी पडते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये स्वतःच्या सेवानोंदीची प्रत मागता येते, आणि अर्ज करण्यापूर्वी ती मागवावी, हा अनुभवी लोकांचा सल्ला अगदी योग्य आहे, कारण कधी कधी शीट रोलमध्ये नोंद असते आणि फक्त पुस्तकात उतरवायची राहिलेली असते.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे. पेन्शन न मिळता घरी आलेल्या जवानाची सेवा कागदपत्रे नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केली जातात, आणि कायमस्वरूपी राहतो तो केवळ लाँग रोल, ज्यात त्रोटक माहिती असते. १९६५ किंवा १९७१ मध्ये लढून थोड्या वर्षांत नोकरी सोडलेल्या हजारो माणसांची पाने अशा रीतीने केव्हाच गेलेली आहेत. त्यांच्याजवळचे डिस्चार्ज बुक हाच अनेकदा एकमेव सविस्तर पुरावा उरतो, आणि त्यातच नोंद नसेल तर दाद मागणे अतिशय अवघड होते. आमचे हवालदार पेन्शनर असल्यामुळे त्यांचा शीट रोल अजून जागेवर आहे.

रेकॉर्ड ऑफिसचे पहिले उत्तर दोन ओळींचे होते. उपलब्ध कागदपत्रांत सदर पदकांची नोंद आढळत नाही, असे त्यात म्हटले होते. हे उत्तर खोटे नव्हते, पण अर्जाला ते लागूच पडत नव्हते, कारण नोंद नाही म्हणूनच तर अर्ज होता. माझे स्पष्ट मत असे आहे की, सेवा पदकाच्या बाबतीत पुराव्याचा सगळा भार म्हाताऱ्या सैनिकावर टाकणे अन्यायाचे आहे. तो कोणत्या तारखेला कोणत्या युनिटच्या पटावर होता हे त्याच्याच शीट रोलमध्ये लिहिलेले असते, आणि ते युनिट त्या तारखेला कोठे होते हे सेनेच्याच युद्ध दैनंदिनीत, म्हणजे युनिटच्या रोजच्या नोंदवहीत, लिहिलेले असते. दोन्ही कागद सरकारच्या ताब्यात आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचणे, हे काम सरकारनेच करायचे असते. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध दैनंदिन्यांसारखी जुनी कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली करण्याचे आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचे धोरण मंजूर केले, त्यामुळे ही पडताळणी आता पूर्वीपेक्षा सोपी व्हायला हवी.

नातीने दुसरे पत्र याच मुद्द्यावर लिहिले. त्यात शीट रोलमधल्या बदल्यांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख दाखवली, आणि देवासला राहणाऱ्या एका जुन्या सोबत्याचे शपथपत्र जोडले. त्या दोघांनी एकाच रिळावर काम केले होते. यावेळी उत्तर वेगळे आले. संग्राम मेडलचा हक्क मान्य झाला असून त्याची नोंद करण्याचे आदेश निघाले आहेत. पश्चिमी स्टारसाठी त्या काळातल्या युनिटच्या ठिकाणाची खातरजमा मागवली आहे, आणि ती आल्यावर निर्णय कळवला जाईल, असे पत्रात म्हटले आहे. तेथे नकार मिळालाच, तर सशस्त्र सेना अधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे घरात वेगळी काढून ठेवली आहेत.