खालच्या ओळीतलं नाव

हा अंगठा बघा. नखात जी काळी शाई बसलीय ती आता कशानेच निघत नाही. पुण्यातल्या एका गल्लीत छापखाना आहे, तिथले हे काका, उभं आयुष्य खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात गेलं. कॅमेरा लावला तर म्हणाले थांबा, आधी केस, म्हणजे खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी, पुसून घेतो.

डाव्या हातात खिळे ओळीत लावायची स्टिक आणि उजवा हात केसच्या घराघरातून फिरतोय, खाली बघतसुद्धा नाहीत, कुठल्या घरात काय ते बोटांना पाठ. अक्षरं उलटी, वाचायचीही उलटीच. इंग्रजीवाल्याचं दोन केसमध्ये भागतं, आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, वर जोडाक्षरं, खिळे शेकड्यांनी. ओळी झाल्या की गॅलीवर, म्हणजे लांबट ट्रेवर, मग प्रूफ, आणि प्रूफात एक जोडाक्षर राहिलेलं सापडलं की चिमट्याने जागा करा आणि पुढचं सगळं सरकवा. मग फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेला सगळा मजकूर, आवळायचा, शाईचा रूळ फिरवायचा, कागद, दाब... हा आवाज आम्ही मुद्दाम कापला नाहीये. आणि छापून झालं तरी सुटका नाही, सगळे खिळे परत आपापल्या घरात, कारण पुढच्या अंकाला तेच लागणार.

'केसरी' असाच निघायचा, दर मंगळवारी. पहिला अंक ४ जानेवारी १८८१, छापखाना आर्यभूषण. खिळ्यांच्या पेट्या खांद्यावरून मोरोबादादांच्या वाड्यात नेल्या असं टिळक अभिमानाने सांगायचे, ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण त्या पेट्यांतला एकेक खिळा पुढे रात्र रात्र कोण उचलत होतं हे कोण सांगतं? म्हणून हा व्हिडिओ.

इंग्रज सरकारला मात्र छापणारा बरोबर माहीत होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पेपरावर मुद्रकाचं नाव नि छापखाना छापायलाच लागायचा, आधी मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन तसं लिहूनही द्यायचं. (हा कायदा आपल्याकडे २०२४ पर्यंत चालला, खरंच.) त्यात १८७८ चा देशी भाषांतल्या पेपरांचा कायदा, मुद्रकाकडून जामीन मागायचा, वर कोर्टात दाद नाही. केसरी निघाला तेव्हा तो अजून चालूच होता, १८८२ मध्ये गेला.

आता हा अंक, १५ जून १८९७. शिवराज्याभिषेक उत्सवाचं वृत्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. आठवड्याभराने गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने हे छापलेलं बाहेर काढलं. राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी दोन. एक टिळक. दुसरे केशव महादेव बाळ, आर्यभूषणचे मॅनेजर आणि केसरीचे मुद्रक. लिहिणाऱ्याच्या शेजारी छापणारा उभा, १२४-अ कलम दोघांवर सारखंच. बाळांच्या जागी आम्ही इथे काकांचेच हात ठेवलेत.

१४ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टात निकाल लागला, टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी, बाळ सुटले.

काकांचं अजून संपलेलं नाही. फर्मा सोडलाय, मूठभर खिळे डाव्या हातात, आणि एकेक करून घरात टाकतायत. ऐका.