बूस्ट वाढवण्याआधी

मित्रहो, टर्बो मोटार घेतलेल्या माणसाला कधी ना कधी एक मोह होतोच: बूस्ट थोडा वाढवून पाहावा. आज त्या मोहाविषयीच बोलायचे आहे, आणि तेही पेट्रोल इंजिनापुरते, कारण डिझेलचा हिशेब वेगळा आहे.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र. त्याने भरलेल्या हवेचा दाब बाहेरच्या वातावरणाहून जितका जास्त, तितका बूस्ट. गेजवर ०.७ बार दिसत असेल, तर समुद्रसपाटीला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, प्रत्यक्षात सुमारे १.७ बार दाब असतो. या दाबाला लगाम घालते ती वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू टर्बोच्या चाकाला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप. तिला हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. टर्बोचा दाब रबरी नळीतून पडद्यावर आला की स्प्रिंग दबते, रॉड सरकतो आणि झडप उघडते. त्यामुळे किमान बूस्ट ठरवते ती स्प्रिंगच. त्याहून जास्त बूस्ट हवा असेल, तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एका सोलेनॉइडद्वारे (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेद्वारे) त्या नळीतला थोडा दाब दुसरीकडे सोडतो. बाजारात मिळणारा, हाताने फिरवायचा कंट्रोलरही वेगळे काही करत नाही. तो ॲक्च्युएटरशी खोटे बोलतो, इतकेच. काही जण रॉड आखूड करून स्प्रिंग आधीच ताणून ठेवतात, परंतु तो फार आखूड केला, तर झडपेला पुरते उघडायला जागाच उरत नाही आणि वरच्या आरपीएमला दाब आवरेनासा होतो.

आता मुख्य अडचण उष्णतेची. हवा दाबली की ती तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना टर्बोचा ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, हवा १.७ पट दाबतो, तेव्हा ती साधारण १०० अंशांवर पोहोचते. दुप्पट दाबली, तर १२५ अंशांच्या आसपास. टर्बो आणि इंजिनामधला इंटरकूलर हा हवेचा रेडिएटर यातली बरीच उष्णता काढतो, पण तोही वाहतुकीत तापतोच. अशा हवेवर आपल्याकडचे साधे पेट्रोल ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप पेटू लागते आणि इंजिन ठोके देते. नॉक सेन्सर ते ऐकतो, आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकून इंजिन वाचवतो. साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी हेच ठोके ऐकून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा रस्त्यावरच्या गाड्यांत आणली होती. मालकाला मात्र गेजचा काटा वर गेलेला दिसतो, पिकअप तेवढाच राहतो आणि तो म्हणतो, अजून थोडा वाढवा!

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आहे तो बूस्ट नीट मिळतो का, ते पाहावे. इंटरकूलरच्या नळ्यांमध्ये मोजका दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी कळते. पुष्कळदा ‘कमी पडलेला’ बूस्ट एका ढिल्या क्लॅम्पमध्येच सापडतो. त्यानंतर बदल ०.०५ बारच्या टप्प्यांनी करावा, आणि प्रत्येक टप्प्याला हवा-इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ स्कॅनरवर नोंदवावी. मॅनिफोल्डच्या प्रेशर सेन्सरची मर्यादा ओलांडली, तर त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. मग इंधन कमी पडते आणि पिस्टन वितळू शकतो. ॲक्च्युएटरकडे जाणारी ती रबरी नळी निसटली, तर झडप उघडतच नाही, तेव्हा तिला नवा क्लॅम्प लावायला विसरू नये.

मुंबईत हे सारे जमवलेल्यांनी घाटाचा विचार करावा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. ईसीयू मॅनिफोल्डमध्ये तोच १.७ बार राखू पाहत असेल, तर टर्बोला हवा जवळजवळ दुप्पट दाबावी लागते. चाक जास्त वेगाने फिरते आणि हवा जास्त तापते. मुंबईतच शेवटच्या टोकापर्यंत ताणलेल्या टर्बोपाशी त्यासाठी काही शिल्लक नसते.