तीन विमानांनी माल्टा वाचवलं? ग्लॅडिएटरची खरी गोष्ट

नमस्कार मंडळी! माझ्या हातातलं हे मॉडेल जरा नीट बघा. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडे, दांड्यांमधून ताणलेल्या तारा. कुणीही म्हणेल, हे पहिल्या महायुद्धातलं विमान. तसं नाहीये. हे ग्लॉस्टर ग्लॅडिएटर. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९३४, ब्रिटिश हवाई दलात दाखल १९३७ च्या सुरुवातीला. आणि तोवर हरिकेन आणि स्पिटफायर या नव्या एकपंखी लढाऊ विमानांची, दोघांचीही चाचणी उड्डाणं होऊन गेली होती! म्हणजे हा गडी कामावर रुजू झाला तेव्हाच त्याच्या जागी येणारे दारात उभे होते.

मग दोन पंख कशासाठी? दोन आखूड पंख दांड्या-तारांनी बांधले की हलका पण मजबूत सांगाडा तयार होतो. पंखांचं एकूण क्षेत्रफळ जास्त, म्हणून विमान अगदी कमी जागेत वळतं. पण त्याच तारा आणि दांडे हवा अडवतात. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तिथे द्विपंखी विमानाचा खेळ संपतो. डिझायनर हेन्री फॉलंड यांनी आधीच्या गॉन्टलेट विमानातले दांडे कमी केले, वैमानिकाच्या डोक्यावर सरकतं झाकण दिलं, दोनऐवजी चार मशीनगन बसवल्या. एवढं करूनही वेग ताशी ४०० किलोमीटरच्या आसपासच.

आता माल्टा, भूमध्य समुद्रातलं तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं बेट. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली आणि ११ तारखेला सकाळीच माल्टावर बॉम्ब पडायला लागले. इटलीचं सिसिली बेट तिथून १०० किलोमीटरच्या आत. आणि बेटावर लढाऊ विमानांची एकही स्क्वाड्रन नाही!

होती ती खोक्यांत. ग्लोरियस या विमानवाहू जहाजाने माल्टावरच्या कलाफ्राना इथे १८ सी ग्लॅडिएटर, म्हणजे नौदलासाठीचे ग्लॅडिएटर, सुटे भाग करून ठेवून दिले होते. माल नौदलाचा. त्यातले काही पुढे दुसरीकडे गेले, पण माल्टातल्या हवाई दलाचे प्रमुख एअर कमोडोर मेनार्ड यांनी नौदलाकडून थोडे मागून घेतले आणि जोडून उभे केले. उडवायला कोण? जे हात वर करतील ते. जॉर्ज बर्जेस तर मेनार्ड यांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, मूळचे फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, चालवणारे.

इथे मला थांबायचंय, कारण अवघड भाग हाच आहे. समोर येणारं इटालियन सॅव्हॉया-मार्केटी ७९ हे बॉम्बर विमान ग्लॅडिएटरपेक्षा वेगवान होतं. शिकारी सावजापेक्षा मंद! पाठलाग करून उपयोगच नाही. त्यामुळे भोंगा वाजला की जिवाच्या आकांताने वर चढायचं, बॉम्बर विमानांच्याही वर जायचं आणि तिथून सूर मारायचा. मिळाली तर एक संधी. तरीही २२ जूनला बर्जेस यांनी एक बॉम्बर पाडलं.

जोडाजोड तर विचारू नका. ब्रिटिशांच्या ब्लेनहाइम बॉम्बरमध्येही ग्लॅडिएटरसारखंच मर्क्युरी इंजिन असायचं, मग त्याच्यासाठी आलेलं इंजिन ग्लॅडिएटरला. या विमानाचा पंख त्याला. आपल्याकडचे गॅरेजवालेही हेच करतात, पण तिथे डोक्यावर बॉम्ब पडत नसतात.

आता ती प्रसिद्ध दंतकथा: फेथ, होप आणि चॅरिटी, म्हणजे श्रद्धा, आशा आणि दया, या तीनच विमानांनी माल्टा राखलं. ऐकायला छान आहे, पण ही नावं नंतर गाजली. विमानं तीनपेक्षा जास्त जोडली गेली होती, एका वेळी उडण्याजोगी मात्र बऱ्याचदा तीनच असायची. शिवाय जूनच्या अखेरीस काही हरिकेन आली, ऑगस्टमध्ये आर्गस जहाजावरून आणखी १२. म्हणजे एकट्या ग्लॅडिएटरची लढाई काही आठवड्यांची. मला विचाराल तर दंतकथेपेक्षा ती खोकीच जास्त भारी आहेत.

आणि ती ठेवून गेलेलं ग्लोरियस? ८ जूनलाच, माल्टावर पहिला बॉम्ब पडायच्या तीन दिवस आधी, जर्मन युद्धनौकांनी ते नॉर्वेजवळ बुडवलं. त्या दिवशी डेकवर नॉर्वेतून परत आणलेली विमानं होती. त्यातही ग्लॅडिएटर होती.

फेथचा सांगाडा माल्टाची राजधानी व्हॅलेटाच्या युद्ध संग्रहालयात आहे. कित्येक दशकं तो तसाच मांडलेला होता, दोन्ही पंखांविना.