पंचनाम्याच्या आधी

[दृश्य: दोरीवर वाळत घातलेले कागद]

कपड्यांच्या चिमट्याला लटकलंय ते रेशनकार्ड. शेजारी घरपट्टीच्या पावत्या, शाळेचा एक दाखला आणि बँकेचं पासबुक. पासबुकावरची शाई फुटून अख्खं पान निळसर झालंय, आकडा एकही लागत नाही.

23 जुलै 2021. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदी वाड्यांत शिरली. 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं. मे महिन्यातल्या तौक्ते वादळानं उडवलेली कौलं काही घरांवर अजून चढायची होती.

[दृश्य: चिखलातली भांडी, मदतीचा टेंपो]

मदत आली. तांदूळ आले, चादरी आल्या. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण या घरात तवा नव्हता, काडेपेटी नव्हती, आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाण्याबरोबर गेल्या होत्या. कोणत्या घराला काय हवं, ते त्या घरालाच ठाऊक असतं. म्हणून आमचं म्हणणं: पहिल्या आठवड्यात हातात पैसे पोचवा.

[दृश्य: पोस्टमन, अंगणातला फणस]

पाचव्या दिवशी पोस्टमन आला. त्याच्या पिशवीत एक मोबाइल आणि बोट ठेवायचं छोटं यंत्र. 2018 साली सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक अशी दारात येते. बँकेचं नाव सांगायचं, आधार क्रमांक द्यायचा, अंगठा टेकवायचा. खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी चालतं. पासबुक नको, एटीएम कार्ड नको, स्वतःचा फोनही नको.

घरात नेटवर्क नाही, फणसाखाली मिळतं. म्हणून सगळा कारभार फणसाखाली.

आजींचा अंगठा लागला नाही. सुपारी सोलून सोलून ठसे झिजलेत. त्यांनी अंगठा पदराला पुसला. पोस्टमननं काच फडक्यानं पुसली. पुन्हा नाही. ‘आजी, मधलं बोट ठेवा बघू.’ यंत्रानं घेतलं.

(इथे निवेदन थांबेल. आजी नोटा मोजतात, ते पूर्ण दिसू द्यावं.)

हे दोन हजार दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या दरमहा पेन्शनचे. सरकारकडून थेट खात्यात जमा होणारे. पुराच्या भरपाईचे नव्हेत. ती यायची तर आधी तलाठ्यांचा पंचनामा, मग अहवाल, मग मामलेदार कचेरी, मग मंजुरी. खातं तेच, बोट तेच, पोस्टमनही तोच. वाट तयार आहे आणि ती रोजच्या वापरातली आहे. पूर आला की मात्र आपण कागद गोळा करायला बसतो, आणि कागद तर दोरीवर वाळतायत.

2022-26 साठीच्या सरकारी निकषांप्रमाणे घर वाहून गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी 2,500 आणि भांडीकुंडी घ्यायला 2,500 रुपये मिळतात. अंगठ्याच्या एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत रोख काढता येते. म्हणजे ही सगळी रक्कम एका अंगठ्यात मावते.

[दृश्य: नकाशा, आफ्रिका]

हे जगात कुठे झालंच नाही, असं नाही. केनियात मार्च 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं. पैसे मोबाइलवरून पाठवायचे, रोख गावातल्या एजंटाकडून घ्यायची. पुढच्याच वर्षी, निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात होरपळलेल्या केरिओ खोऱ्यात कन्सर्न वर्ल्डवाइड या संस्थेनं मदत याच वाटेनं धाडली. धान्याचे ट्रक तिथं नेणं अवघड होतं. फोन फार थोड्या घरांत, म्हणून दहा-दहा कुटुंबांचे गट करून गटाला एक फोन दिला. वीज नाही, म्हणून सौर चार्जर दिले. आपल्या फणसाखालच्या नेटवर्कसारखीच ही जुळवाजुळव. नंतर 2010 च्या सुमारास नायजरमध्ये दुष्काळग्रस्तांना मोबाइलवर पैसे दिले. तिथल्या बायकांची पायपीट वाचली आणि घरातल्या जेवणात जिनसाही वाढल्या.

[दृश्य: पंचायतीचा फलक, भाड्याच्या खोल्या]

या वाटेतून वगळले जातात ते असे: ज्यांचं खातं बंद पडलंय ते, आधार न जोडलेले, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार ज्यांच्या नावावर घर नाही, आणि भाड्याच्या खोलीत राहणारे मजूर.

त्यांची नावं पूर आल्यावर शोधायला गेलं तर उशीर होतो. गोव्यात मे महिन्यात घराघरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, आमसुलं. त्याच महिन्यात पंचांनी वाड्यावाड्यातून फिरून यादी करावी. खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, बोट लागतं का, एवढंच बघायचं. नदीची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की पहिला हप्ता सुटावा. पंचनामा नंतर होऊ दे.

[दृश्य: वाळपईचा बाजार]

आजींनी आधी गोळ्या घेतल्या. मग तवा. तवा उलटा करून बोटानं वाजवून पाहिला, ठेवला, दुसरा उचलला. मग काडेपेट्यांचा पुडा आणि नातवाला दोन वह्या. उकडे तांदूळही घ्यायचे होते, पण ते टेंपोतून मिळाले होते, म्हणून ते पैसे राहिले. ते रुमालात बांधून त्यांनी कमरेला खोचले आणि बसकडे निघाल्या.