कुंपणावरची चंद्रज्योत

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं, त्यांना चंद्रज्योतीच्या चिकाचे फुगे आठवत असतील. कुंपणावरचं पान देठासकट खुडायचं, देठातून पाझरलेला चीक गवताच्या काडीला गाठ मारून केलेल्या फाशात धरायचा आणि हळूच फुंकर घालायची. फुगे उन्हात रंग दाखवत तरंगत जायचे. चीक फ्रॉकवर सांडला की तपकिरी डाग पडायचा. तो कितीही चोळला तरी निघायचा नाही. आई रागवायची ती त्या डागासाठी. या झाडाच्या बिया विषारी आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. पुढे शिक्षिका झाले, तरी कितीतरी वर्षं मीही माझ्या वर्गातल्या मुलांना ते सांगितलं नव्हतं. म्हणून आज या झाडाबद्दल बोलायचं आहे.

मराठवाड्यात आम्ही याला चंद्रज्योत म्हणतो. काही भागांत मोगली एरंड म्हणतात, कुठे रानएरंड. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी बांधावर लावलं, त्यांच्या तोंडी जट्रोफा हे नाव आहे. झाड एकच.

ऑक्टोबरचे दिवस होते. आमची शाळा बालाघाटच्या डोंगराजवळची, चौथीपर्यंतची. मैदानाच्या मागच्या अंगाला चंद्रज्योतीचं कुंपण होतं आणि पावसाळा सरल्यामुळे फळं पिवळी पडली होती. मधल्या सुट्टीत खिचडी झाली, मुलं खेळून परत वर्गात आली. तासाभरात तिसरीतला एक मुलगा पोट धरून उठला. ‘‘बाई, पोटात कालवायलंय.’’ तो बाहेर जाऊन उलटी करतो न करतो, तोच दुसरा उठला, मग दोघी बहिणी. बघता बघता नऊ मुलं ओट्यावर ओळीनं बसली. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, आणि सगळ्यांचा घसा जळत होता.

आम्हा सगळ्यांचा संशय गेला तो खिचडीवर. दुसरं काही सुचलंच नाही. पालक धावत आले, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना लोक वाटेल ते बोलायला लागले, त्या बिचाऱ्या पातेलं पुढे ठेवून रडत होत्या. या गोंधळात मोलाचा अर्धा तास गेला. पण खिचडी साठ मुलांनी खाल्ली होती आणि आजारी पडली होती नऊच. मग दुसरीतल्या एका मुलीनं माझा पदर ओढला आणि मूठ उघडली. घामानं ओल्या झालेल्या तळव्यावर तीन काळ्या बिया. म्हणाली, ‘‘बाई, हे खाल्लंय त्यांनी. शेंगदाण्यावानी लागतंय. मी एकच खाल्ली.’’

त्या बिया घेऊनच आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी बी पाहिली आणि लगेच ओळखली. सलाईन लावलं, रात्रभर मुलांना ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी घरी आली. मावशींची माफी मागायला मी स्वतः त्यांच्या दारी गेले.

श्रोतेहो, आपल्याकडे एक समज पक्का आहे, की विष कडू असतं. लिंबोळी कडू, कण्हेर कडू, म्हणून मूल तोंडात घातलं तरी थुंकून टाकतं. धोतऱ्याच्या फळाला काटे असतात, त्याला हात लावायलाच मूल कचरतं. चंद्रज्योतीच्या बीला यातलं काहीच नाही. टरफल दातानं सहज फुटतं, आत पांढराशुभ्र, तेलकट, गोडसर गर निघतो. एकानं खाल्ला की तो दुसऱ्याला देतो. म्हणूनच या झाडाच्या विषबाधेत मुलं एकेकटी सापडत नाहीत, घोळक्यानं सापडतात.

आता झाड नीट ओळखू या. उंची माणसाच्या डोक्याएवढी किंवा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. खोड राखाडी-हिरवट, गुळगुळीत, वरून कागदासारखे पापुद्रे सुटतात. पान तळहाताएवढं, बुडाशी बदामी आकाराचं, तीन ते पाच उथळ कोन असलेलं. फांदी मोडा, पाण्यासारखा पातळ चीक येतो. साधा एरंड यापेक्षा वेगळा. त्याचं पान पंजासारखं, सात किंवा जास्त बोटांचं आणि खोल फाटलेलं, फळावर मऊ काटे, बी ठिपक्याठिपक्यांची. एरंडाचं बीसुद्धा विषारीच, हेही लक्षात असू द्या. चंद्रज्योतीचं फळ मात्र बिनकाट्याचं. आधी हिरवं, छोट्या आवळ्याएवढं, घोसानं लागतं. मग पिवळं होतं, शेवटी काळं पडून वाळतं. फोडलं की तीन कप्पे आणि प्रत्येकात सहसा एक काळी लांबट बी, सुमारे दोन सेंटिमीटरची. हिवाळ्या-उन्हाळ्यात पानं गळून जातात आणि नुसत्या काटक्यांवर वाळकी फळं लटकत राहतात. झाड मेलंय असं वाटतं. तेव्हाच बिया खाली सांडलेल्या असतात.

बीमध्ये दोन तऱ्हेचं विष आहे. एक कर्सिन नावाचं प्रथिन, दुसरी फॉर्बोल एस्टर नावाची द्रव्यं. ‘भाजली की बी बाधत नाही’ असं मी मोठ्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते चूक आहे. कर्सिन उष्णतेनं बिघडतं, पण फॉर्बोल एस्टर भाजल्यानं जात नाही. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. मेक्सिकोच्या काही भागांत याचीच जवळजवळ बिनविषारी जात आहे आणि तिथले लोक तिच्या बिया भाजून खातातही. पण ती जात आपल्या कुंपणावरची नव्हे, आणि नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

आपल्याकडे हे झाड इतकं पसरलं त्याला कारण आहे. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, फांदी खोचली की जगते. कुंपणाला आणखी काय हवं? पुढे २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं बायोडिझेलसाठी याची शिफारस केली आणि पडीक जमिनींवर, बांधांवर लागवड सुरू झाली. तेल खरोखरच चांगलं आहे. २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादूनहून दिल्लीला एक विमान या बियांपासून केलेलं इंधन मिसळून उडालं. पण गावोगाव शेतकऱ्याला जे उत्पन्न सांगितलं होतं ते हाती आलं नाही, तोडायला कुणी आलं नाही आणि झाडं तशीच राहिली. तेल काढून उरलेली पेंडही विषारी, ती गुरांना चालत नाही. शेतकऱ्यांचा यात काय दोष? पण शाळा आणि अंगणवाडीच्या भोवती हे कुंपण राहू देणं, हा मात्र आपल्या सगळ्यांचा दोष आहे असं मला मनापासून वाटतं.

काढायचं कसं? पावसाळ्यात माती मऊ असताना, फळं धरायच्या आत. नुसतं तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, म्हणून खणून मुळासकट काढा. हातात मोजे घाला, नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना कपडा हवा, कारण चीक कातडीला आणि डोळ्याला झोंबतो. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा. तोडलेल्या फांद्या ओलसर जमिनीवर फेकल्या तर तिथेच रुजतात. त्या फरशीवर किंवा खडकावर कडक वाळू द्या. फळं लागलेली असतील तर आधी ती पोत्यात गोळा करा, खाली सांडलेल्या बिया वेचा आणि दीड-दोन हात खोल खड्ड्यात पुरा. हे काम मोठ्यांनी करायचं. बिया वेचायला मुलांना लावू नका. त्या जागी अडुळसा, मेंदी किंवा कोरांटी लावा. शेताच्या बांधावरची सगळी चंद्रज्योत उपटा, असं मी म्हणत नाही. जिथे मुलं खेळतात तिथली काढा.

आणि मुलानं बी खाल्लीच तर? ओरडू नका. ओरडलं की मूल किती खाल्ल्या ते लपवतं. तोंडात उरलेलं काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायला जाऊ नका. दूध, तूप, लिंबू असे घरगुती उपायही नकोत. उलटी-जुलाब सुरू झाले नसले तरी सरळ दवाखान्यात न्या, कारण त्रास कधी अर्ध्या तासात सुरू होतो, कधी काही तासांनी. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. सोबत उरलेली बी, फळ किंवा फांदी न्या. या विषावर उतारा नाही, शरीरातलं पाणी आणि क्षार टिकवून धरणं हाच उपचार. ते वेळेवर झालं तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत बरी होतात. मूल शुद्धीवर असेल आणि पोटात पाणी ठरत असेल तर वाटेत क्षारसंजीवनी घोटघोट देता येईल. आणि त्याच्याबरोबर कोण कोण खेळत होतं ते विचारा, त्या प्रत्येक घरी निरोप पाठवा. आमच्या त्या मुलीनं मूठ उघडली नसती, तर ‘मी एकच खाल्ली’ म्हणणारी ती स्वतः आमच्या मोजणीत आलीच नसती.

त्या वर्षापासून दर ऑक्टोबरात मी बी वर्गात न्यायला लागले. काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. शेजारी शेंगदाणा ठेवायचा, एरंडी ठेवायची, खरं झाड लांबून दाखवायचं आणि नाव म्हणून घ्यायचं. पहिलीतली मुलंसुद्धा दोन दिवसांत ओळखायला लागतात. मग तीच घरी जाऊन आजीला सांगतात, बांधावरचं झाड दाखवतात.

शाळेमागचं कुंपण आम्ही पुढच्याच जूनमध्ये खणून काढलं. तिथे आता अडुळसा आहे. तरी यंदा पावसानंतर विहिरीच्या कोपऱ्यात दोन फुटवे वर आले होते. चौथीतल्या मुलांनीच येऊन सांगितलं, ‘‘बाई, ती आलीय परत.’’ मी निवृत्त झाले असले तरी कुदळ घेऊन गेले.

नमस्कार.