चुकलेल्या गोळ्याचा हिशेब

(नाशिकमध्ये विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

देवळाली कॅम्प आणि भगूरच्या बाजूला राहणाऱ्यांना फायरिंग रेंजवरच्या तोफांचा आवाज नवा नाही. तावदाने थरथरली तरी आमच्या घरी कोणी दचकत नसे. "सराव चालू आहे" एवढे म्हणून आई पुन्हा पोळी लाटू लागे. त्याच घरात, नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेममध्ये कॅसेट घालून मी आणि माझा धाकटा भाऊ रणगाडे लढवत असू. बाहेर चाललेला सराव आणि आमचा खेळ यांत एक खरे नाते आहे, हे मला पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर उमगले. आज तेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

मात्र आम्ही खेळत होतो त्या 'बॅटल सिटी'त हे नाते नव्हते. नामको कंपनीच्या १९८५ सालच्या या खेळात गोळा सरळ रेषेत जातो. कस लागतो तो जागा धरण्याचा. विटांच्या भिंतीआड आपल्या तळाची खूण असलेला गरुड असतो, तो वाचवायचा, आणि प्रत्येक फेरीत शत्रूचे २० रणगाडे चालून येतात. सुरुवातीला आपला एकच गोळा पडद्यावर असू शकतो आणि तो कशावर तरी आदळल्याशिवाय दुसरा सुटत नाही. त्यामुळे लांबून मारणाऱ्याला ताटकळावे लागते आणि शत्रूला जाऊन भिडणारा भराभर मारा करतो. भावाने हे माझ्याआधी हेरले होते. मी गरुडाजवळ पहारा देई आणि तो थेट वरच्या कडेपर्यंत मुसंडी मारी. अटारी कंपनीच्या १९८० सालच्या 'बॅटलझोन'ने खेळाडूला रणगाड्याच्या आत बसवून हिरव्या रेषांतले रणांगण दाखवले. अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणासाठी त्याची वेगळी आवृत्ती करून घेतली. खेळाचे कर्ते एड रॉटबर्ग यांचा या कामाला विरोध होता, आणि त्यांच्याविषयी मला त्यासाठी आदर वाटतो.

तोफखान्याचे खेळ याहून वेगळे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे. मध्ये डोंगर, पलीकडे शत्रू. आपल्या हाती फक्त कोन आणि जोर. वेंडेल हिकन यांचा १९९१ सालचा 'स्कॉर्च्ड अर्थ' अनेकांनी संगणकावर खेळला असेल. त्याच वर्षी एमएस-डॉस या त्या काळच्या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर 'गोरिला' हा खेळ आला. त्यात इमारतींवर उभे असलेले दोन गोरिला एकमेकांवर स्फोटक केळी फेकतात. तोफ नसली तरी गणित तोफेचेच. संगणकाचा जन्मही या गणिताशी जोडलेला आहे, कारण अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एनिॲक हा संगणक उभारायला घेतला, तो कोणत्या कोनाला गोळा किती दूर पडेल याचे तक्ते काढण्यासाठी.

या खेळांत पहिला गोळा बहुधा चुकतो. नवखा खेळाडू चिडून दोन्ही आकडे एकदम बदलतो, आणि मग कशाचा काय परिणाम झाला हे त्याला कळेनासे होते. जाणता खेळाडू कोन तसाच ठेवतो. ४० जोराने गोळा अलीकडे पडला, ६० ने पलीकडे गेला, तर तो ५० लावतो. तोही अलीकडे पडला तर ५५. दर वेळी उरलेले अंतर साधारण निम्मे होत जाते. खरे तोफची हीच पद्धत वापरतात: पुढे बसलेला निरीक्षक गोळा कुठे पडला ते कळवतो, लक्ष्य एका अलीकडच्या आणि एका पलीकडच्या गोळ्याच्या कात्रीत धरले जाते आणि ती कात्री आवळत नेली जाते. देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे ही विद्या आपल्या अगदी शेजारची आहे.

आता कोनाकडे वळू. हवेचा विरोध सोडून दिला तर सपाट जमिनीवर ४५ अंशांना पल्ला सर्वांत जास्त मिळतो, तर ३० आणि ६० अंशांना तो सारखाच, म्हणजे कमाल पल्ल्याच्या सुमारे ८७ टक्के असतो. मग डोंगर ओलांडायला सरळ ६० लावावे, असे वाटेल. परंतु ६० अंशांचा गोळा ३० अंशांच्या गोळ्यापेक्षा सुमारे १.७३ पट वेळ हवेत राहतो, आणि या खेळांत वाऱ्याने होणारी सरक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती बरोबर तिप्पट होते. हे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले मान डोलावतात. खेळात सलग तीन गोळे वाऱ्याने भरकटले की तीच मुले हा वेळेचा वर्ग कुठून आला, असे आपणहून विचारतात.

अशा वेळी मी त्यांना 'गोरिला'ची मूळ आज्ञावली दाखवतो. क्यूबेसिक या प्रोग्रामिंग भाषेत ती लिहिलेली आहे आणि उघडून वाचता येते. सुरुवातीलाच गुरुत्वाकर्षण किती ठेवायचे ते खेळ विचारतो आणि पृथ्वीसाठी ९.८ हा आकडा सुचवतो. तिथे चंद्राचा १.६ घातला की केळे पडद्याबाहेर जाते. थोडे खाली केळ्याची जागा काढणारी ओळ येते आणि तिच्यात वाऱ्याला वेळेच्या वर्गाने गुणलेले असते. आठवीतल्या एका मुलीने त्या ओळीवर बोट ठेवले, मागे वळून फळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, हे तेच आहे."